खंडेनवमीचं तांबं

रत्नप्रभा इंगळे हे पूर्ण नाव आमच्या शॉपमध्ये कुणी घेत नाही. सगळ्यांना ती रत्ना. मालक अनिरुद्धसाहेब तेवढे तिला रत्नाताई म्हणतात, पण ते सगळ्यांनाच ताई आणि भाऊ म्हणतात आणि मग पाहिजे ते सुनावतात. गेल्या दसऱ्याच्या आसपास तिच्या बाबतीत जे घडलं ते मला लिहून काढायचंय. त्यात माझा भाग शोभेसा नाही, हे आधीच कबूल करतो. गोष्ट मात्र चांगली संपली, आणि तेव्हापासून मी बरा झोपतो.

मी विद्याधर धुरी. मूळ गाव कुडाळकडचं, राहायला भांडुपला, आणि चोवीस वर्षं मरोळच्या एका गाळ्यात, मोरेश्वर प्लेटिंगमध्ये. नळ, कड्या, हँडलं, सायकलीचे भाग, काय येईल त्यावर निकलचा मुलामा चढवायचा. सध्या निकल लाइनीचा फोरमन आहे. माझं तोंड तिखट आहे असं बायको म्हणते, आणि तिला इतर बाबतींत चुकीचं ठरवता येतं, यात नाही.

रत्ना वाशीम जिल्ह्यातली. लग्न करून विक्रोळीच्या पार्कसाइटला आली. नवरा धोंडिराम पवईच्या एका ऑफिसच्या गेटवर सिक्युरिटीला. आमच्याकडे ती लागली झाडलोटीला. फरशी धुवायची, रॅकवरून माल उतरवायचा, हातमोजे वाळत घालायचे. सात वर्षं तिनं हेच केलं आणि सात वर्षांत ती मला कशावरून तरी उलट बोलल्याचं आठवत नाही. कुठं काही सांडलं, बिघडलं की चौकशी सुरू व्हायच्या आधीच ती म्हणायची, "माझंच चुकलं असेल." आम्हाला ते फार सोयीचं होतं.

मग साहेबांनी कॉलम बसवला. निकल चढवून झाल्यावर माल पाण्यात धुतात, त्या पाण्यात थोडा निकल उतरतो. ते पाणी तसंच सोडून दिलं तर प्रदूषण मंडळवाले टाळं लावतील, आणि लावलंच पाहिजे. म्हणून ते पाणी खाली एका टाकीत साठवायचं आणि तिथून कॉलममधून न्यायचं. कॉलम म्हणजे मांडीएवढा जाड, पुरुषभर उंच असा पारदर्शक पाइप. त्यात रेझिन भरलेलं असतं. राजगिऱ्याएवढे मातकट दाणे, एक प्रकारचं प्लॅस्टिकच ते. वरून पाणी सोडलं की दाणे पाण्यातला निकल धरून ठेवतात आणि बाकीचं पाणी खाली जातं. निकल धरला की दाणे हिरवे होतात. हिरवा पट्टा वरून खाली सरकत तळाशी आला की समजायचं, पोट भरलं. मग त्यातून पातळ ॲसिड सोडायचं. दाणे धरलेला निकल सोडून देतात, आणि तो आपल्याला परत टाकीत वापरता येतो. वर थोडा कॉस्टिक सोडा फिरवला की दाणे पुन्हा कामाला तयार.

कॉलम चालवायला आधी दोन शिकलेली पोरं आली आणि तीन-तीन महिन्यांत निघून गेली. ज्यांच्याकडून रेझिन घेतलं तिथली केमिस्ट जान्हवी, पवईच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेली, दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून शिकवून कंटाळली होती. एकदा ती वैतागून बसलेली असताना कोपऱ्यात फरशी पुसणारी रत्ना म्हणाली, "मॅडम, सोडा आधी नाही, पाणी आधी. तुम्ही मागच्या पोराला तसं सांगितलं होतं." जान्हवीनं तिला तिथंच पाच प्रश्न विचारले. पाचांची उत्तरं बरोबर आली. दुसऱ्या आठवड्यापासून कॉलम रत्नाकडे.

तिच्या कामाची रीत बघण्यासारखी आहे. पाइपवर खडूनं ती रोज हिरव्या पट्ट्याची रेघ मारते, शेजारी तारीख. दर दोन तासांनी बाहेर पडणाऱ्या पाण्याचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकते, त्यावर बाटलीतल्या औषधाचे दोन थेंब. कागद पांढरा राहिला तर पाणी स्वच्छ. गुलाबी झाला तर निकल निसटतोय. दोन वर्षांत मी तिचा कागद गुलाबी झालेला बघितला नव्हता. घरून येताना चौकोनी रुमाल आणायची, तो फक्त पाइप पुसायला. त्यानं दुसरं काही पुसलेलं तिला चालायचं नाही.

आता दसऱ्याचं. रत्ना दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाते. धोंडिराम आणि ती. मंगळवारी संध्याकाळी तिनं कॉलम पाण्यानं काठोकाठ भरला, व्हॉल्व्ह बंद केले, दोनदा हातानं तपासले आणि गेली. शनिवारी सकाळी ती परत येणार होती. मधले दिवस लाइन बंदच.

बुधवारी आमची खंडेनवमी. आमच्याकडे ती जोरात असते. मशीन, मोटरी, टाक्या धुवायच्या, झेंडूचे हार, नारळ, पेढे. त्यात मी पडलो मालवणी, पूजेच्या बाबतीत मला अर्धवट काही खपत नाही. टाक्यांवर तांब्याचे दांडे असतात, त्यांना माल टांगतात. बेचाळीस दांडे. वर्षभराच्या वाफेनं त्यांच्यावर काळा-हिरवा थर चढतो. एरवी आम्ही तो पॉलिश पेपरनं घासतो. पण त्या दिवशी मला दांडे चमकायला हवे होते, साहेबांची आई पूजेला येणार होती. मी दोन बादल्या ॲसिड घेतलं आणि दांडे एकेक करून त्यात बुडवले. झकास निघाले. नव्या नवरीच्या बांगड्यांसारखे. साहेबांच्या आईनं विचारलं, हे कुणी केलं, आणि मी मान ताठ करून उभा राहिलो.

ॲसिडच्या पाण्यासाठी आमच्याकडे वेगळा खड्डा आहे. पण त्याचा पंप सुट्टीसाठी काढून ठेवला होता आणि मला घरी जायचं होतं. दांडे मी निकलच्या धुण्याच्या पाण्यात विसळले आणि दोन्ही बादल्या तिथल्याच गटारीत ओतल्या. ते गटार रत्नाच्या टाकीत जातं. चोवीस वर्षांच्या प्लेटरला हे माहीत असतं. त्या क्षणी माझ्या डोक्यात पेढे होते.

शनिवारी रत्ना आली. लाइन सुरू झाली. तिनं टाकीतलं पाणी जरा आंबट झालंय असं बघून सोडा टाकून नीट केलं आणि कॉलम चालू केला. दुपारी कागद गुलाबी.

तिला आधी वाटलं, पट्टा तसाही बराच खाली आला होता, पोट भरलं असेल. तिनं रीतसर ॲसिड, पाणी, सोडा, पाणी केलं. त्यात तिचा दिवस गेला. सोमवारी पुन्हा चालू केला, आणि जेवणाच्या आधीच कागद पुन्हा गुलाबी. जो कॉलम एका धुण्यावर दहा दिवस चालतो तो चार तासही चालला नाही.

पाणी बाहेर कुठं गेलं नाही, हे सांगून ठेवतो. कागद पांढरा झाल्याशिवाय ते एका राखीव टाकीतच थांबतं. पण राखीव टाकी भरत आली होती, आणि गुरुवारी सकाळी मंडळाचे लोक नमुना घ्यायला येणार होते.

साहेब खाली उतरले. कागद बघितला. "ताई, सुट्टीत कॉलम कोरडा पडला का? नागपूरला जायच्या घाईत व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल. रेझिन सुकलं की तडकतं, जान्हवी दहा वेळा सांगून गेलीय."

"मी बंद केला होता, साहेब," रत्ना म्हणाली. मग तिचा आवाज खाली गेला. "दोनदा बघितला होता. पण... माझंच चुकलं असेल."

आणि मी, ज्याला कुणी विचारलं नव्हतं तो मी, वीस माणसांसमोर म्हणालो, "झाडू मारणाऱ्या बाईच्या हातात असलं नाजूक काम दिलं की वाट लागणारच ना."

कुणी हसलं नाही. रत्नानं माझ्याकडे बघितलंही नाही. ती पाइप पुसायला लागली.

साहेब म्हणाले, बुधवारी संध्याकाळपर्यंत पाणी स्वच्छ झालं नाही तर बाहेरच्या एजन्सीचा माणूस येईल, आणि ताई पुन्हा रॅकवर. सात वर्षं ज्या रॅकवरून माल उतरवला, त्याच रॅकवर. धोंडिरामला हे घरी सांगताना तिला काय वाटलं असेल याचा विचार मी तेव्हा केला नाही. आता कधीकधी करतो.

मंगळवारी मी पोचलो तेव्हा ती आधीच आलेली होती. तिनं वरच्या झाकणातून चमचाभर दाणे काढले होते आणि भिंगाखाली एकेक बघत होती. दाणे गोल होते, अख्खे होते, एकालाही तडा नव्हता. म्हणजे कॉलम सुकला नव्हता. एवढं तिनं एकटीनं ठरवलं, आणि मग मोबाइलचा टॉर्च पाइपला चिकटवून वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. हिरव्या पट्ट्याच्या वर, अगदी माथ्याशी, वीतभर भाग निळा होता. हिरवट निळा नाही. शाईसारखा निळा.

माझं टेबल लाइनीच्या टोकाला. ती तिथं आली तेव्हा मी चहा पीत होतो. तिच्या हातात काचेचा पेला होता, त्यात निळं पाणी आणि एक लोखंडी खिळा.

"त्या निळ्या दाण्यांवर ॲसिड टाकलं," ती म्हणाली. "हे पाणी निघालं. त्यात नवा खिळा टाकला, दहा मिनिटं झाली." तिनं चिमट्यानं खिळा वर काढला. तो लाल झाला होता. "हे तांबं आहे ना, भाऊ?"

प्लेटरला हे विचारायची गरज नसते. लोखंड तांब्याच्या पाण्यात बुडवलं की त्यावर तांबं बसतं, हे मी पहिल्या वर्षी शिकलो. मी म्हणालो, "तांबंच."

"मग आपल्या लाइनीत तांबं कुठं आहे? आपण तर निकलच करतो."

माझा चहा हातातच राहिला. वर टाक्यांवर बेचाळीस दांडे चमकत होते. तिनं माझ्या नजरेच्या मागोमाग वर बघितलं. मला वाटतं, तिला तिथंच कळलं, पण ती थांबली. मग मी सांगितलं. बादल्या, गटार, पूजा, सगळं.

नंतर तिनं मला जे समजावलं ते जान्हवीनं तिला समजावलेलं होतं. हे दाणे निकल धरतात, पण त्यांना तांबं त्याहून जास्त आवडतं. तांबं दारात आलं की दाणे आत बसलेल्या निकलला सोडून तांब्याला धरतात. जावई आला की घरच्या माणसाला खुर्चीवरून उठावं लागतं, तसं. उठवलेला निकल खाली जातो आणि कागद गुलाबी करतो. नेहमीच्या पातळ ॲसिडनं निकल सुटतो, पण तांबं चिकटून बसतं. त्यात टाकीत अजून तांब्याचं पाणी होतंच, ते रोज नव्यानं येत होतं. तिनं शनिवारी कॉलम कितीही मनापासून धुतला असता तरी उपयोग नव्हता.

"म्हणजे व्हॉल्व्ह बंदच होता," ती म्हणाली. हे ती मला नव्हे, स्वतःलाच सांगत होती.

"रत्ना, माका माफ कर," मी म्हणालो. घाबरलो की माझ्या तोंडी गावची बोली येते.

"मला एकटीला सांगून काय करू, भाऊ? बोललात ते सगळ्यांसमोर बोललात."

मी मान हलवली आणि "होईल ते, आधी काम करू" असं काहीतरी म्हणालो. माणूस किती पळपुटा असतो ते मला त्या दिवशी कळलं. मी मनाशी हिशेब असा घातला होता की अंगमेहनत करून टाकू, म्हणजे बोलावं लागणार नाही. मग मी खरंच राबलो. तिच्या टाकीतलं सगळं पाणी वेगळ्या पिंपांत काढलं, टाकी आतून घासली, गटार धुतलं. तिनं जान्हवीला फोन करून जास्त जोराचं ॲसिड किती आणि किती वेळ ते विचारून घेतलं. ते कॉलममधून सावकाश सोडलं तेव्हा खालून निळंशार पाणी येत राहिलं. मी पिंप धरून उभा, ती व्हॉल्व्हवर हात ठेवून. दोन वेळा असं केल्यावर पाइपच्या माथ्याचा निळा गेला आणि दाणे पुन्हा मातकट झाले. संध्याकाळी घरी गेलो तेव्हा माझी पाठ धरली होती आणि मी कुणासमोर काही बोललो नव्हतो.

रत्नानं साहेबांना दुपारीच सांगितलं होतं, कॉलममध्ये तांबं शिरलंय. माझं नाव तिनं घेतलं नाही. साहेब म्हणाले, "कुठून शिरलं ते नंतर बघू, आधी काढा."

बुधवारी सकाळी तिनं सोडा फिरवला, पाणी फिरवलं आणि लाइन सुरू केली. दर दोन तासांनी कागद. दहाला पांढरा. बाराला पांढरा. दोनला पांढरा. गुलाबी व्हायची वाट बघत आम्ही सगळे कामाच्या नावाखाली तिच्या आसपास घुटमळत होतो. चारला साहेब स्वतः आले. तिनं थेंब टाकला, वर औषध टाकलं, आणि कागद त्यांच्या हातात दिला. साहेबांनी तो उजेडात धरला. पांढरा होता. त्यांनी आणखी एक थेंब टाकायला लावला. तोही पांढरा.

माझ्या छातीवरून गोणी उतरवल्यासारखं झालं. एजन्सीचा माणूस येणार नव्हता, राखीव टाकीतलं पाणी पुन्हा कॉलममधून जाणार होतं, आणि उद्या मंडळाचे लोक आले तर येऊ देत. पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेब हसले. चार दिवसांत पहिल्यांदा.

"शाबास, ताई," ते म्हणाले. "चूक झाली होती, पण सुधारलीत. कॉलम तुमच्याकडेच राहील."

रत्ना "हो, साहेब" म्हणाली. तिनं बाटलीचं बूच लावलं. फोन खिशात होता, काढला नाही. मला वाटलं होतं ती आनंदानं धोंडिरामला फोन करेल. ती कागद गोळा करत राहिली, आणि तिच्या तोंडावर कसलाच आनंद नव्हता.

साहेब जिन्याकडे निघाले होते. मी हाक मारली.

"साहेब, थांबा जरा. सगळेच थांबा."

माझा आवाज मला स्वतःलाच मोठा वाटला. मोटरच्या घरघरीवर बोलायचं म्हणजे मोठ्यानंच बोलावं लागतं. मी सांगितलं की तांबं माझ्या बादल्यांतलं होतं. दांडे मी ॲसिडमध्ये बुडवले आणि ते पाणी आळसानं निकलच्या गटारीत मी ओतलं. रत्नानं व्हॉल्व्ह नीट बंद केला होता, कॉलम एक मिनिटही कोरडा नव्हता, आणि जिथं मला कळायला पाहिजे होतं तिथं तिनं खिळा टाकून शोधून काढलं. सोमवारी मी तिच्याबद्दल जे बोललो ते खोटं होतं आणि घाणेरडं होतं, ते मी परत घेतो.

साहेब खालच्या पायरीवर उभे होते. मी शिव्यांची तयारी ठेवली होती.

"मग ताईंचं काय चुकलं होतं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "काहीच नाही."

साहेब वर गेलेच नाहीत, परत खाली उतरून तिच्यापाशी आले. "ताई, मी पण न बघता बोललो. माझंही चुकलं." मग माझ्याकडे वळून, दांडे यापुढे पॉलिश पेपरनंच, आणि खंडेनवमीलासुद्धा, असं जरा चढ्या आवाजात सांगितलं. तेवढ्यावर मी सुटलो. खरं सांगतो, शिव्या खाल्ल्या असत्या तरी मला हलकंच वाटलं असतं.

पोरं आपापल्या टाकीकडे गेली. मी हात धुवायला नळाशी गेलो तर पलीकडे, पिंपांच्या आड, रत्ना फोन कानाला लावून उभी होती. तिची पाठ माझ्याकडे होती. कॉलम तिच्याकडे राहिला हे तिनं धोंडिरामला सांगितलं नाही. निदान आधी नाही.

"अहो," ती म्हणत होती, "माझं चुकलं नव्हतं." पलीकडून धोंडिराम काहीतरी विचारत असणार. "नाही ना. मी बंद केला होता. माझं काहीच चुकलं नव्हतं." ती रडत होती आणि हसतही होती, आणि तेच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती. मी नळ बंद केला आणि आवाज न करता तिथून निघून आलो.